गुडघ्याच्या जाहिराती आणि ब्राउझर बदलायचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी एकच लॅपटॉप, ४ जीबी रॅम, विंडोज १०. दिवसा मिसेस त्यावर जीएसटीची रिटर्न्स भरतात, संध्याकाळी मुलगी अकरावीचा अभ्यास करते आणि रात्री प्रश्न विचारणारे स्वतः पेपर, यूट्यूब आणि शेअर बाजार बघतात. आईसाठी गुडघ्याचा पट्टा शोधला आणि तेव्हापासून टीव्हीवरच्या यूट्यूबपासून मुलीच्या अभ्यासाच्या साइटपर्यंत सगळीकडे गुडघेच गुडघे. म्हणून आता क्रोम काढून टाकायचंय. कोणी ब्रेव्ह घ्या म्हणालं, कोणी फायरफॉक्स, एकानं टॉर सुचवला, एकानं स्वदेशी उला वापरा म्हणून सांगितलं. आणि अट एकच, बँक आणि सरकारी साइट अडता कामा नयेत.

मी कोल्हापूर-इचलकरंजी भागात छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो, सीए, वकील, दवाखाने, एकदोन पतसंस्था, त्यामुळे हा प्रश्न मला बहुतेक ठिकाणी चहाबरोबरच येतो. आणि लोक माझ्यावर जरा नाराज होतात कारण मी आधी नाव सांगत नाही, उलट विचारतो की नक्की कोणापासून काय लपवायचंय? जाहिरातवाल्यांपासून, घरातल्या घरात एकमेकांपासून, इंटरनेट देणाऱ्या कंपनीपासून, का चोरांपासून? या चारही गोष्टींना लोक प्रायव्हसीच म्हणतात पण चारींचा इलाज वेगळा आहे. तुमच्या प्रश्नात खरं म्हणजे दोन दुखणी एकत्र झालीत. एक, गुगलला तुमच्याबद्दल माहिती आहे. दोन, एकाच लॅपटॉपच्या एकाच प्रोफाइलमध्ये तीन माणसं नांदतायत. यातलं एकही नुसता ब्राउझर बदलून जात नाही.

पहिलं आधी घेऊ. ज्या क्रोममध्ये पट्टा शोधला त्याच्या वर उजव्या कोपऱ्यात तुमच्या फोटोचा छोटा गोल दिसतो का बघा. दिसत असेल तर तुम्ही साइन इन आहात, आणि तुमचा तो शोध लॅपटॉपवर नाही तर तुमच्या गुगल अकाउंटच्या नावावर जमा झालाय. टीव्हीवर यूट्यूब कुठल्या अकाउंटनं चालू आहे? बहुतेक त्याच. मुलगी अभ्यासाला बसते तेव्हा प्रोफाइल कुणाचं? तुमचंच. मग गुडघे सगळीकडे दिसणारच ना. आता तुम्ही उद्या फायरफॉक्स टाकलात, त्यात जीमेल उघडलंत, त्याच अकाउंटनं यूट्यूब बघितलंत आणि सर्चही तिथंच केलात, तर गुगलच्या वहीत फरक काय पडला? काहीच नाही. वही त्यांच्याकडे आहे, तुम्ही फक्त पेन बदललं.

त्यामुळे काहीही डाउनलोड करायच्या आधी गुगल अकाउंटच्या सेटिंगमध्ये जा. 'डेटा अँड प्रायव्हसी' असा भाग आहे, त्यात वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी आणि यूट्यूब हिस्ट्री या दोन मुख्य गोष्टी. बंद करा, किंवा बंद करायचं जिवावर येत असेल (यूट्यूबची हिस्ट्री बंद केली की होमपेज ओसाड पडतं, हे खरंय) तर ऑटो डिलीट लावा, त्यात ३ महिने, १८ महिने आणि ३६ महिने असे पर्याय मिळतात, ३ लावा. मग माय ॲड सेंटरमध्ये जाऊन पर्सनलाइज्ड जाहिराती बंद. जाहिराती थांबणार नाहीत, पण गुडघ्याचा पिच्छा बराच सुटेल. एवढं चहा संपायच्या आत होतं आणि माझ्या अनुभवात याचा जेवढा फरक जाणवतो तेवढा ब्राउझर बदलून जाणवत नाही.

आता ब्राउझरचा संबंध येतो तो दुसऱ्या प्रकारच्या पाठलागात. तुम्ही पट्टा विकणाऱ्या दुकानाच्या साइटवर गेलात, तिथं दुकानदाराचा कोड असतोच पण शिवाय जाहिरात कंपन्यांचे, फेसबुकवाल्यांचे, मोजमाप करणाऱ्यांचे तुकडे बसवलेले असतात. तेच तुकडे पेपरच्या साइटवर, रेसिपीच्या साइटवर, क्रिकेटच्या साइटवर. प्रत्येक तुकडा तुमच्या ब्राउझरमध्ये एक खूण ठेवतो, थर्ड पार्टी कुकी म्हणतात ती, आणि पुढच्या साइटवर ती खूण बघून ओळखतो की हाच तो गुडघेवाला. इथं मात्र ब्राउझर-ब्राउझरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. ॲपलच्या सफारीनं २०२० च्या मार्चपासून या कुकीज सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सनं २०१९ पासून माहितीतले ट्रॅकर डीफॉल्टनंच अडवायला सुरुवात केली आणि २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीजना वेगळा डबा दिला, म्हणजे पेपरच्या साइटवरची खूण दुकानाच्या साइटवर वाचताच येत नाही. ब्रेव्ह पहिल्यापासून अडवतोच. आणि क्रोम? गुगलनं २०२० च्या जानेवारीत जाहीर केलं की दोन वर्षांत काढतो, मग पुढं ढकललं, परत ढकललं, २०२४ च्या जुलैमध्ये म्हणाले सरसकट काढत नाही, लोकांना निवड देऊ, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये ती वेगळी विचारणाही नको म्हणाले. ज्या कंपनीचं पोट जाहिरातीवर आहे तिच्याकडून वेगळी अपेक्षा काय ठेवणार. क्रोममध्ये तुम्ही स्वतः सेटिंगमधून थर्ड पार्टी कुकीज ब्लॉक करू शकता, पण शंभरातले किती लोक तिथपर्यंत जातात तुम्हीच सांगा.

इन्कॉग्निटोबद्दल एक वाक्य लिहिलंय तुम्ही, "मी महत्त्वाचं इन्कॉग्निटोमध्येच बघतो." ते फक्त तुमच्या लॅपटॉपवर हिस्ट्री ठेवत नाही, म्हणजे घरातल्यांपासून लपतं. साइटपासून नाही, इंटरनेटवाल्यापासून नाही. यावरनंच अमेरिकेत गुगलवर २०२० साली दावा पडला होता, आणि २०२४ मध्ये तडजोडीत गुगलनं अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. त्या सुमारास इन्कॉग्निटोच्या पहिल्या पानावरचा मजकूरही बदलला, आता नीट वाचलात तर तिथंच लिहिलेलं सापडेल. इन्कॉग्निटो कामाचा आहे, बायकोच्या वाढदिवसाचं गिफ्ट शोधायला.

इंटरनेट देणाऱ्या कंपनीचं म्हणाल तर आजकाल जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे मजकूर कुलूपबंद होऊनच जातो, त्यामुळे तुम्ही कुठल्या साइटला गेलात ते नाव त्यांना दिसू शकतं, आत काय वाचलंत ते नाही. ब्राउझरमध्ये सिक्युअर डीएनएस (साइटचा पत्ता शोधायची विचारणाही झाकून पाठवणारं सेटिंग) चालू केलं की ते नावही थोडं झाकतं, पूर्ण नाही. आणि फुकट व्हीपीएन, म्हणजे तुमचं सगळं इंटरनेट दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणारं ॲप, कृपा करून टाकू नका, जे कंपनीला दिसत होतं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं एवढाच बदल होतो. आपल्याकडे २०२२ मध्ये सर्ट-इननं, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं, व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं तेव्हा काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच उचलले. तो वेगळा विषय आहे, तुमच्या गुडघ्यांशी त्याचा संबंध नाही.

बरं, आता नावं.

फायरफॉक्स. मी स्वतः रोज हाच वापरतो. मुख्य कारण एकच, यूब्लॉक ओरिजिन, म्हणजे जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं एक्स्टेंशन (ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम). क्रोमनं एक्स्टेंशनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही३ म्हणतात त्याला, त्यात २०२४-२५ मध्ये जुनं दमदार यूब्लॉक क्रोममधून बंदच पडलं. आता तिथं यूब्लॉक ओरिजिन लाइट मिळतं, वाईट नाही, पण नावाप्रमाणेच लाइट आहे. फायरफॉक्सवर पूर्ण ताकदीचं चालतं, आणि अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्सवरपण. पण फायरफॉक्स म्हणजे गंगाजल असंही नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा येतो गुगलकडूनच, डीफॉल्ट सर्च ठेवल्याबद्दल. २०२४ मध्ये त्यांनी जाहिराती मोजायचं एक फीचर कुणाला न विचारता चालू करून ठेवलं होतं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत 'तुमचा डेटा आम्ही कधीच विकणार नाही' हे वाक्य आपल्या पानावरून काढलं तेव्हा जुन्या भक्तांनी चांगलाच गोंधळ घातला. मी तरीही त्यावरच आहे कारण बाकी बहुतेक सगळे ब्राउझर गुगलच्याच क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या आतल्या इंजिनवर, उभे आहेत, आणि सगळी वेब एकाच कंपनीच्या इंजिनवर गेली तर नियम कोण ठरवणार हे सांगायला नको. हे माझं मत झालं, तुम्ही त्यासाठी स्वतःची गैरसोय करून घ्यावी असं मी म्हणणार नाही.

ब्रेव्ह. काहीच सेटिंग करायची इच्छा नसलेल्या माणसाला मी हा देतो. टाकला की जाहिराती गायब, अडवायची यंत्रणा ब्राउझरच्या आतच असल्यामुळे एक्स्टेंशनच्या भानगडीचा त्याला त्रास नाही. क्रोमियमवरचा असल्यामुळे साइट सहसा अडत नाहीत. काढणारे ब्रेंडन आइक, म्हणजे ज्यांनी १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट केली तेच, त्यामुळे तांत्रिक बाजू भक्कम आहे. पण टाकल्या टाकल्या रिवॉर्ड्स, वॉलेट, न्यूज, एआय असं सगळं दुकान मांडलेलं दिसतं, ते एकेक करून बंद करावं लागतं. आणि २०२० मध्ये काही क्रिप्टो साइटचा पत्ता टाइप केला की हा आपला कमिशनचा कोड त्याला जोडायचा हे उघडकीस आलं होतं. माफी मागून त्यांनी ते काढलं, पण माझ्या डोक्यात ते राहिलंय.

एज विंडोजबरोबर येतोच. प्रायव्हसीसाठी म्हणून कुणी एज घेत नाही, मायक्रोसॉफ्टही भरपूर माहिती गोळा करतं आणि शॉपिंग, कूपन, कोपायलट, बातम्या असलं काय काय समोर येत राहतं. पण सरकारी कामाला हा माझा हुकमी एक्का आहे. जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररवरच चालणाऱ्या साइटसाठी त्यात आयई मोड आहे (एक्स्प्लोरर स्वतः २०२२ च्या जूनमध्ये निवृत्त झाला), आणि साइट क्रोमवर चालते म्हटलं की एजवर चालतेच.

उला. झोहोचा, २०२३ मध्ये आला. केंद्राच्या आयटी मंत्रालयानं देशी ब्राउझरची स्पर्धा ठेवली होती त्यात २०२५ मध्ये झोहोच्या टीमला पहिलं एक कोटीचं बक्षीसही मिळालं. यात काम, पर्सनल, मुलं असे वेगवेगळे मोड आहेत ही कल्पना मला खरंच आवडली, तुमच्या घरासाठी तर चपखलच. मात्र आतलं इंजिन क्रोमियमचंच आहे हे माहिती असू द्या, स्वदेशी म्हणजे कंपनी स्वदेशी. वापरून बघायला काहीच हरकत नाही.

टॉर विसरा. टॉर वाईट आहे म्हणून नाही, तो पत्रकारांसाठी, ज्यांना आपण कुठून बोलतोय हेच लपवायचंय अशांसाठी उत्तम आहे. पण तुम्ही टॉरमधून बँक उघडलीत तर बँकेला दिसणार की हा माणूस आज भलत्याच देशातून आलाय, आणि अकाउंट लॉक झालं की ब्रँचमध्ये जाऊन केवायसीचे कागद देत बसा. शिवाय हळू. ऑपेरा, विव्हाल्डी यांच्यावर मी वेळ घालवत नाही, विव्हाल्डी हौशी लोकांसाठी छान आहे एवढंच.

आता माझी खरी पद्धत, जी मी ऑफिसातपण लावतो: कामं वाटून द्या, ब्राउझर दोन ठेवा. एक कोरा ब्राउझर फक्त सरकार आणि बँकेसाठी. त्यात एकही एक्स्टेंशन नाही, त्यात सर्च नाही, यूट्यूब नाही, बुकमार्क बारवर जीएसटी, इन्कम टॅक्स, बँक एवढ्याच साइट आणि त्या बुकमार्कवरूनच उघडायच्या, सर्च करून नाही, कारण सर्चमध्ये पहिल्या नंबरला जाहिरात देऊन खोट्या साइट बसलेल्या असतात. दुसरा ब्राउझर बाकी सगळ्या भटकंतीसाठी, त्यात ॲडब्लॉकर जोरात. याचा फायदा दोन्हीकडून होतो. जिथं लॉगिन आहे तिथं कडक सेटिंगमुळे ओटीपीचं पान अडकत नाही, पेमेंट अर्धवट राहत नाही. आणि जिथं जाहिरातवाले टपून बसलेत तिथं तुमचं कुठलंच लॉगिन नसतं.

मिसेस रिटर्न भरतात म्हणजे डीएससीचा (डिजिटल सहीचा) यूएसबी टोकनही असेल कदाचित. असेल तर तो विषय जरा समजून घ्या. सही करायची वेळ आली की साइट तुमच्याच लॅपटॉपवर चालू असलेल्या ईमसाइनरसारख्या छोट्या प्रोग्रामशी बोलते, तो टोकनमधून सही करून परत साइटला देतो. म्हणजे ब्राउझरनं स्वतःच्याच मशीनवरच्या प्रोग्रामवर विश्वास ठेवायला हवा, आणि त्यासाठी त्या प्रोग्रामचं सर्टिफिकेट मान्य असावं लागतं. एज आणि क्रोम विंडोजमध्ये बसवलेली सर्टिफिकेट मानतात. फायरफॉक्सचा सर्टिफिकेटचा साठा पहिल्यापासून वेगळा, त्यामुळे तिथं कधीकधी मधेच रुसवा होतो, आणि ब्रेव्हच्या शील्ड्सना (त्याच्या आतल्या अडवायच्या यंत्रणेला) 'ही साइट लोकल मशीनशी का बोलतेय' असा संशय येऊ शकतो, जो एरवी अगदी योग्य संशय आहे. २० तारखेला संध्याकाळी जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं रिटर्न भरताना हे निस्तरत बसायची वेळ नको. म्हणून सहीचं काम एजमध्ये, विषय संपला.

दुसरं दुखणं, तीन माणसं एका प्रोफाइलमध्ये. विंडोजमध्येच तीन युजर करा, तिघांना वेगळा पिन. ब्राउझरची वेगळी प्रोफाइल केली तरी चालतं पण एका क्लिकवर कुणीही दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्ये शिरतो, भिंत नाही ती, पडदा आहे. सेव्ह केलेले पासवर्डपण विंडोजचा पिन माहिती असला की दिसतात. एकाच घरात कशाला एवढं असं वाटेल, पण मिसेसच्या क्लायंटची लॉगिन त्यात आहेत, ती काही घरातली गोष्ट नाही.

आता एक गोष्ट जी कुणीच विचारत नाही आणि मला मात्र दर आठवड्याला दिसते. ऑफिसात रिसेप्शनच्या पीसीवर उजव्या कोपऱ्यात खालून एक चौकोन वर येतो, लाल रंग, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, लगेच साफ करा', बाजूला अँटीव्हायरसचं चित्र. बाई घाबरून फोन करतात. मी त्या चौकोनाच्या कडेला बघायला सांगतो, तिथं बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव आणि कुठल्यातरी अगम्य साइटचा पत्ता असतो. व्हायरस वगैरे काही नसतो. कधीतरी पिक्चर किंवा पीडीएफ डाउनलोड करताना 'मी रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असं पान आलं होतं आणि कुणीतरी दाबलं होतं, ती नोटिफिकेशनची परवानगी होती. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथं अलाऊ केलेल्या साइटची यादी असते, सगळ्या उडवा आणि खाली 'साइट्सना नोटिफिकेशन विचारू देऊ नका' हे निवडा. कुठलाही ब्राउझर घ्या, टाकल्यावर माझं हे पहिलं काम. तुमच्याकडे आत्ता बघा, मला तर खात्री आहे दोनतीन सापडतील.

एक्स्टेंशनचंही तसंच. एक्स्टेंशन म्हणजे तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचायची परवानगी असलेला पाहुणा. क्रोमवर द ग्रेट सस्पेंडर नावाचं फार लोकप्रिय एक्स्टेंशन होतं, टॅब झोपवून रॅम वाचवायचं, मूळ माणसानं ते दुसऱ्याला विकलं आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गुगलनं ते मालवेअर म्हणून काढलं. अव्हास्टसारखी अँटीव्हायरस कंपनीसुद्धा आपल्या एक्स्टेंशनमधून लोकांचं ब्राउझिंग गोळा करून पोटकंपनीमार्फत विकत होती, २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीनं, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या सरकारी आयोगानं, त्यांना १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. म्हणजे प्रायव्हसी वाढवतो म्हणणारंच एक्स्टेंशन घरभेदी निघू शकतं. मी भटकंतीच्या ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन आणि लागलाच तर पासवर्ड मॅनेजर, एवढंच ठेवतो. कूपन शोधणारी, पीडीएफ करणारी, स्क्रीनशॉट काढणारी सगळी काढून टाका.

आणि उलट्या टोकाला जाऊ नका. इंटरनेटवर 'फायरफॉक्स हार्डनिंग' असे लांबलचक लेख आहेत, त्यात रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग नावाचं एक सेटिंग चालू करायला सांगतात. हेतू चांगला आहे, तुमचा स्क्रीन, फॉन्ट, टाइमझोन यांच्यावरून कुकी नसतानाही ओळख पटते ती टाळायची. पण ते चालू केलं की ब्राउझर साइटला तुमची वेळ भारतीय सांगतच नाही, जागतिक प्रमाणवेळ सांगतो. परिणाम असा की वेबवरच्या कॅलेंडरमध्ये दुपारी चारची मीटिंग सकाळी साडेदहाला दिसायला लागते. एका वकील ऑफिसात ज्युनियरनं हौसेनं हे केलं होतं आणि सगळे कॅलेंडरच्या कंपनीला शिव्या घालत होते. फायरफॉक्सचं साधं 'स्ट्रिक्ट' सेटिंग घरगुती माणसाला पुष्कळ आहे. लिब्रवुल्फ हा फायरफॉक्सवरूनच बनवलेला कडक ब्राउझरही याच कारणासाठी मी सुचवत नाही, तो बंद केला की कुकीज पुसतो, दर वेळी सगळीकडे परत लॉगिन, परत ओटीपी, आठवड्याभरात माणूस वैतागून क्रोमवर परत. जो ब्राउझर घरच्यांना टिकत नाही त्याच्या प्रायव्हसीचा उपयोग काय.

बदलताना एक खबरदारी. पासवर्ड नव्या ब्राउझरमध्ये न्यायला लोक क्रोममधून एक्स्पोर्ट करतात, त्याची सीएसव्ही फाइल होते आणि ती साधी उघडी फाइल असते, एक्सेलमध्ये डबल क्लिक केलं की साइट, युजरनेम, पासवर्ड असे सरळ रकाने. काम झाल्यावर ती डाउनलोड्समध्ये तशीच पडून राहते. मी नव्या ऑफिसात गेलो की डाउनलोड्स फोल्डरमध्ये 'पासवर्ड्स' शोधतो, आणि फाइल सापडते. ती इम्पोर्ट झाल्यावर शिफ्ट धरून डिलीट करा, रिसायकल बिनमध्येही ठेवू नका. शक्य असेल तर बिटवॉर्डनसारखा वेगळा पासवर्ड मॅनेजर घ्या, म्हणजे पुढच्या वेळी ब्राउझर बदलताना ही कसरतच नाही. आणि बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह करायचाच नाही, कारण चोरीचे जे प्रोग्राम क्रॅक सॉफ्टवेअरबरोबर येतात ते सगळ्यात आधी ब्राउझरचीच तिजोरी उचकटतात.

४ जीबी रॅमचं काय? खरं सांगायचं तर ४ जीबीत सगळेच ब्राउझर रडतात. एजमध्ये स्लीपिंग टॅब्स चालू ठेवा, क्रोममध्ये मेमरी सेव्हर असतो, पण सगळ्यात जास्त फरक ॲडब्लॉकरनं पडतो, पेपरच्या साइटवरचे ते आपोआप चालणारे व्हिडिओ गेले की लॅपटॉप मोकळा श्वास घेतो. दोन ब्राउझर म्हणजे दोन्ही एकदम उघडे असं नाही हां, काम झालं की बंद. परवडत असेल तर रॅम ८ करून घ्या. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ते मला ब्राउझरपेक्षा जास्त खटकतंय. वाढीव सिक्युरिटी अपडेटची मुदत घेता येते का ते अपडेटच्या पानावर बघा, मशीन विंडोज ११ ला चालत नसेल तर निदान ब्राउझर तरी शेवटच्या दिवसापर्यंत अपडेटेड ठेवा. विंडोज ७ च्या वेळी क्रोम १०९ वर येऊन थांबलं आणि फायरफॉक्सची ईएसआर शाखा (जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती) त्यानंतरही बराच काळ सिक्युरिटी अपडेट देत राहिली, जुन्या मशीनला हा आधार असतो.

तर तुमच्या घरापुरतं: आधी गुगल अकाउंटची सफाई. मग लॅपटॉपवर तीन युजर. मिसेसच्या युजरमध्ये कोरा एज, सही आणि रिटर्नसाठी. तुमच्या आणि मुलीच्या युजरमध्ये फायरफॉक्स आणि यूब्लॉक. सेटिंगमध्ये हात घालायचा कंटाळा असेल तर फायरफॉक्सऐवजी ब्रेव्ह, फार फरक पडणार नाही. क्रोम लगेच काढू नका, महिनाभर राहू दे, काय काय राहिलं ते हळूहळू लक्षात येतं.

फोनचं तुम्ही विचारलंच नाही पण निम्मा जन्म तिथंच जातो. अँड्रॉइडवर फायरफॉक्स टाकून डीफॉल्ट करा, म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या लिंक त्यात उघडतील. पेमेंटच्या पानावरून यूपीआय ॲप उघडत नसेल तर फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये 'ओपन लिंक्स इन ॲप्स' बघा, बहुतेक तेवढंच असतं. फेसबुक-इन्स्टाग्राममध्ये लिंक दाबली की ती त्यांच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते, तिथं तुमचा ॲडब्लॉकर पोचत नाही, तीन टिंबांतून बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडायची सवय लावा. आयफोन असेल तर आपल्याकडे कुठलाही ब्राउझर टाका आत सफारीचंच इंजिन असतं, त्यामुळे उगाच चारपाच टाकून बघू नका, सफारी ठीक आहे.

साइट अडली तर लगेच क्रोमकडे पळू नका. लॅपटॉपवरच्या फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या डावीकडे ढालीचं चिन्ह आहे, त्यातून फक्त त्या साइटपुरतं ट्रॅकिंग प्रोटेक्शन बंद करा, पान रिफ्रेश करा. नाही झालं तर यूब्लॉकचं मोठं बटण दाबून त्या साइटपुरतं तेही बंद. तरीही नाही तर पॉप-अप अडवलाय का बघा, पावत्या आणि चलनं बऱ्याचदा पॉप-अपमध्येच उघडतात. यानंतरही हट्ट करत असेल तर ती साइट एजच्या यादीत टाका आणि पुढं चला. आणि इथं परत विचारायला आलात तर साइटचं नाव, ब्राउझरचं व्हर्जन आणि नक्की काय मेसेज येतोय तो लिहा, नुसतं 'चालत नाही' यावर मी काय सांगणार.